आदिकारणाचा प्रश्न आणि गोपाळ गणेश आगरकर

१

गोपाळ गणेश आगरकरांचे नाव मराठी वाचकापुढे येते ते प्रामुख्याने समाजसुधारक म्हणून. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रियांचे शिक्षण, जातिभेद, सोवळेओवळे यांविषयी त्यांनी मांडलेली मते आता बहुतेक सर्वमान्य झाली आहेत, आणि सर्वमान्य मतांच्या वाट्याला जी उपेक्षा येते ती त्यांच्याही वाट्याला आली आहे. त्यांचे निबंध पाठ्यपुस्तकांत लावले जातात. परंतु ज्या तात्त्विक भूमीवर ते उभे आहेत तिची चौकशी क्वचितच होते. हे जग कोठून आले? काहीच नसताना काही उद्भवू शकते काय? उद्भवू शकत नसेल, तर जगाच्या आरंभी कोणी कर्ता मानणे अपरिहार्य ठरते काय? हे प्रश्न आगरकरांनी विद्यार्थिदशेत स्वतःला विचारले आणि पुढे आयुष्यभर त्यांचे ओझे वागवले.

आदिकारणाच्या प्रश्नाला आगरकरांनी उत्तर दिले नाही, आणि हे उत्तर न देणे हीच त्यांची विचारपूर्वक घेतलेली भूमिका होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जेथे ज्ञान संपते तेथे श्रद्धेने जागा भरावी, ही रीत त्यांच्या काळातील सनातनी आणि सुधारक या दोन्ही पक्षांत रूढ होती. आगरकरांनी ती जागा रिकामी ठेवली. रिकामी जागा रिकामी ठेवण्याचे मोल काय पडते, हे त्यांचे अवघे अडतीस वर्षे आणि काही महिन्यांचे आयुष्य पाहिले म्हणजे कळते.

२

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. प्राथमिक शिक्षण कऱ्हाडला मामांच्या आश्रयाने झाले. पुढे शिकण्याची सोय नसल्यामुळे काही काळ त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात औषधे तयार करण्याचे काम केले आणि शिक्षणाच्या आशेने रत्नागिरीपर्यंत जाऊन पाहिले. तेथेही निभाव लागला नाही. शेवटी वऱ्हाडात अकोल्याला आप्तांकडे राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. तेथील शाळेचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनी या तल्लख व तापट मुलाची पारख केली आणि त्याला पुण्यास पाठविण्याच्या कामी साह्य केले. अकोल्यास असतानाच आगरकरांनी ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रातून लिहिण्यास सुरुवात केली होती.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील दिवसही दारिद्र्यातच गेले. अंगात घालावयाचा एकच सदरा रात्री धुवावयाचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जावयाचे, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी पुष्कळदा सांगितली आहे. शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील लेखनाचा अल्पस्वल्प मोबदला यांवर त्यांनी शिक्षण पार पाडले. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि त्यानंतर इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले. या सुमारास त्यांनी आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मुलगा मोठाल्या परीक्षा देत आहे तेव्हा आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल आणि पांग फिटतील, अशी आशा त्या माउलीने बाळगू नये. पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपण उरलेला सर्व वेळ परहितार्थ खर्चणार आहोत, असा त्या पत्राचा आशय होता.

या पत्राचा उल्लेख त्यागाचे उदाहरण म्हणून केला जातो, आणि तो यथार्थच आहे. परंतु ज्या काळात ते लिहिले गेले त्याच काळात पत्र लिहिणाऱ्याच्या मनातून परलोकाची कल्पना मावळत चालली होती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्यागाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. पण तिच्यामागे बहुधा पुण्यसंचयाची, मोक्षाची किंवा ईश्वरप्रसादाची अपेक्षा उभी असते. परलोकीचा एकही पैसा जमेस न धरता इहलोकीचा सर्व पैसा सोडून देणारा हा तरुण त्या परंपरेत सहज बसत नाही.

३

आगरकरांच्या पिढीपुढे सृष्टीच्या उत्पत्तीचा प्रश्न दोन वाटांनी आला होता. पहिली वाट आपल्या दर्शनांची. छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की आरंभी सत् होते. असतापासून सत् कसे जन्मेल, असा त्याचा आक्षेप आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त याहून धीट आहे. ते सत् आणि असत् या दोहोंच्या पलीकडे जाऊन, सृष्टीचा उगम कोणाला ठाऊक असेल की नाही याविषयीच शंका प्रकट करते. सांख्यांचा सत्कार्यवाद कार्य हे कारणात आधीपासूनच वसत असते असे मानतो. नैयायिक कार्याला नवे मानतात, उत्पत्तीपूर्वी त्याचा प्रागभाव असतो असे म्हणतात. पण त्यांचेही परमाणू नित्य आहेत, आणि त्यांचा ईश्वर कुंभाराप्रमाणे निमित्तकारण आहे, मातीही त्यानेच अभावातून काढली असे ते म्हणत नाहीत.

म्हणजे अभावापासून भाव निघत नाही, हे तत्त्व आपल्याकडील बहुतेक आस्तिक दर्शनांना मान्य होते. परंतु या तत्त्वावरून ईश्वर सिद्ध होतो असे मात्र सर्वांना वाटले नाही. सांख्यांनी तर त्याच तत्त्वाच्या आधारे ईश्वराची गरजच नाहीशी केली: मूळ प्रकृती अनादी असेल तर तिला निर्माता कशाला हवा? कर्मकांडाचा सर्वांत कडवा कैवार घेणाऱ्या मीमांसकांनीही जगाचा कर्ता मानला नाही. निरीश्वरवाद हा विलायतेहून आलेला रोग आहे असे म्हणणाऱ्यांना या गोष्टीचे स्मरण देणे अवश्य आहे.

दुसरी वाट मिशनऱ्यांची. ईश्वराने केवळ आपल्या इच्छेने, कोणत्याही उपादानाशिवाय, शून्यातून सृष्टी केली, हा ख्रिस्ती सिद्धान्त मराठी मुलखात जाहीर वादाचा विषय झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा मुंबईतील वाद १८३१ सालचा. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वाद १८५७ सालचे. आगरकर वर्षभराचेही नव्हते तेव्हा मुंबईच्या वाळूत वेद, बायबल आणि सृष्टिकर्ता यांवर गर्दीसमोर खल चालला होता. पुढे प्रार्थना समाजाने मूर्ती व अवतार सोडून एकच निराकार ईश्वर स्वीकारला. महादेव गोविंद रानड्यांनी १८७२ च्या सुमारास आपली ईश्वरनिष्ठा इंग्रजी निबंधात मांडली. रानड्यांच्या दृष्टीने सामाजिक सुधारणा आणि ईश्वरश्रद्धा या एकाच झाडाच्या फांद्या होत्या.

याच पुण्यात जोतीराव फुले तिसरीच मांडणी करीत होते. त्यांचा निर्मीक हा देवळातला देव नव्हे आणि वेदांतातील ब्रह्मही नव्हे. तो सर्वांचा एकच निर्माणकर्ता आहे, म्हणून सर्व स्त्रीपुरुष जन्मतः सारखे आणि स्वतंत्र आहेत. त्याच्या व माणसाच्या मध्ये भटाची गरज नाही. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ जोतीरावांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. त्यात निर्मीकाच्या कल्पनेला एक निश्चित काम नेमून दिलेले आहे: मानवी समतेचा पाया सृष्टीच्या आरंभीच घालणे. आदिकारणाचा प्रश्न हा पंडितांचा विरंगुळा नसून गुलामगिरीच्या व स्वातंत्र्याच्या हिशेबात तो मोजावा लागतो, हे जोतीरावांना स्पष्ट दिसले होते.

४

आगरकरांनी डेक्कन कॉलेजात ज्या ग्रंथकारांचा ध्यास घेतला त्यांत जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर हे मुख्य होत. मिलचे आत्मचरित्र १८७३ साली आणि धर्मविषयक तीन निबंध १८७४ साली, म्हणजे दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले होते. हिंदुस्थानातील कॉलेजांत ते अगदी ताजे होते. मिल सांगतो की मला कोणी निर्माण केले या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही असे त्याच्या वडिलांनी त्याला लहानपणीच शिकविले होते; कारण ईश्वराने, असे उत्तर दिले तर ईश्वराला कोणी निर्माण केले हा प्रश्न लगेच उभा राहतो. आपल्या नैयायिकांच्या भाषेत हा अनवस्था दोष होय.

स्पेन्सरने १८६२ सालच्या ‘फर्स्ट प्रिन्सिपल्स’ या ग्रंथात हीच गोष्ट अधिक पद्धतशीर मांडली. विश्वाच्या उत्पत्तीविषयी तीनच कल्पना संभवतात: विश्व स्वयंसिद्ध आहे, विश्व स्वतःपासूनच उत्पन्न झाले, अथवा बाहेरच्या कोणा शक्तीने ते उत्पन्न केले. पहिल्या कल्पनेत अनादी काळ गृहीत धरावा लागतो, आणि तो मनात आणता येत नाही. दुसरीत शून्याचे आपोआप कशात तरी रूपांतर झाले असे मानावे लागते. तिसरीत त्या बाहेरच्या शक्तीविषयी तेच तीन प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. म्हणून आस्तिक, नास्तिक आणि सर्वेश्वरवादी हे तिघेही जे जाणता येत नाही ते जाणल्याचा दावा करतात, असा स्पेन्सरचा निष्कर्ष आहे. या भूमिकेसाठी हक्स्लेने १८६९ साली जो शब्द घडविला त्याला मराठीत पुढे अज्ञेयवाद हे नाव मिळाले.

आगरकर या अर्थाने अज्ञेयवादी होते. त्यांना नास्तिक म्हणण्याची प्रथा त्यांच्या विरोधकांनी पाडली आणि काही चाहत्यांनीही ती अभिमानाने चालविली. पण दोन्ही पक्षी त्यात थोडी अचूकता सुटते. ईश्वर नाही असे सिद्ध झाले आहे, असा त्यांचा दावा नव्हता. विश्वाचे आदिकारण मानवी बुद्धीच्या आटोक्याबाहेरचे आहे. आणि जे आटोक्याबाहेर आहे त्याच्या नावावर आटोक्यातल्या गोष्टींविषयी हुकूम काढण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यातला दुसरा भाग त्यांचा स्वतःचा आहे. स्पेन्सरच्या अज्ञेयाला हळूहळू एक गूढ वलय प्राप्त होते. त्यात धर्म आणि विज्ञान यांचा समेट घडवून आणण्याची सोय दिसते. आगरकरांनी ती सोय वापरली नाही. अज्ञेयापुढे हात जोडून बसण्याऐवजी ते तेथून मागे फिरले आणि विधवेच्या डोक्यावरच्या वस्तऱ्याकडे वळले.

त्यांचा ‘देवतोत्पत्ति’ हा निबंध या संदर्भात महत्त्वाचा आहे. सृष्टीची उत्पत्ती कशी झाली हे सांगता येत नसले, तरी देवतांच्या कल्पनेची उत्पत्ती कशी झाली याचा शोध घेता येतो, ही त्यामागची दृष्टी. स्वप्न, मृत्यू, छाया, पितर, निसर्गातील भयकारक शक्ती यांतून आदिमानवाच्या मनात देवता कशा आकारास आल्या, याचे विवेचन स्पेन्सरच्या समाजशास्त्राच्या धोरणाने मराठीत करणे त्या काळी साहसाचे होते. प्रश्नाची दिशाच येथे पालटली. देवाने माणूस केला की नाही हे बाजूस ठेवून, माणसाने देव कसा केला हे विचारले गेले. पहिल्या प्रश्नाला पुरावा नाही. दुसऱ्याला इतिहास आहे.

फुले आणि आगरकर यांच्यातील फरक येथे नेमका दिसतो. जोतीरावांनी समतेचा पाया निर्मीकावर घातला. आगरकरांनी तोच पाया मनुष्याच्या सुखदुःखावर आणि विवेकावर घातला. कर्ता असो वा नसो, वेदना आहे. आणि वेदना टाळता येण्याजोगी असेल तर ती टाळणे हे कर्तव्य आहे. शूद्रातिशूद्रांच्या अनुभवातून आलेल्या जोतीरावांना सृष्टीच्या आरंभीचा साक्षीदार हवा होता, कारण इहलोकीच्या कचेऱ्यांत त्यांच्या लोकांची साक्ष कोणी घेत नव्हते. ब्राह्मण कुळातून आलेल्या आगरकरांना त्या साक्षीदाराच्या नावाने आपल्याच जातीने काढलेले दस्तऐवज रद्द करावयाचे होते. दोघांची गरज वेगळी, म्हणून दोघांचे तत्त्वज्ञान वेगळे.

५

१८७९ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक यांची गाठ पडली. सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणाला वाहून घ्यावयाचे, हा दोघांचा निर्धार ठरला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला व त्याचे संपादकत्व आगरकरांकडे आले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. हाताशी द्रव्य नसलेल्या काही तरुणांनी पाच वर्षांत हे उभे केले.

कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यासंबंधीच्या लेखांवरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली. तीत तक्रारीपेक्षा विनोद अधिक आहे. एका कोठडीत राहून दोघे मित्र रात्री मोठमोठ्याने वाद घालीत आणि पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे, ही आठवण त्यातूनच आपल्यापर्यंत पोचली.

याच कारावासाशी आगरकरांच्या ‘हॅम्लेट’च्या भाषांतराचा संबंध जोडला जातो. ‘विकारविलसित’ या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातील नायक चंद्रसेन रंगभूमीवर गाजविला. नाट्येतिहासात या भाषांतराची नोंद विस्ताराने झालेली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने निवड कोणत्या नाटकाची झाली ते पाहण्यासारखे आहे. मृत्यूनंतर काय, हे ठाऊक नसल्यामुळे कृती करण्यास कचरणारा नायक या नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. भाषांतरकाराने त्याच अज्ञानातून उलट निष्कर्ष काढला. पलीकडचे काही ठाऊक नाही, म्हणूनच अलीकडचे काम आजच केले पाहिजे. हॅम्लेटच्या संशयाला मराठी वाणी देणाऱ्या या लेखकाला स्वतःला मात्र संशयाने पंगू केले नाही. त्याच्या ठिकाणी संशय हीच कृतीची प्रेरणा झाली.

मित्रांमधील मतभेद पुढे वाढत गेले. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक आधी, हा वादाचा दर्शनी मुद्दा होता. संस्थेच्या कारभाराविषयीही तंटे होते. १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. वर्षभराने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली. १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून दोघे उघडपणे परस्परांविरुद्ध उभे राहिले.

या वादाच्या मुळाशी प्रमाणाचा प्रश्न होता. सुधारणा हवी असेल तर ती शास्त्राधाराने, लोकांच्या श्रद्धेला सांभाळून, हळूहळू व्हावी, असे मानणाऱ्यांत रानड्यांसारखे सुधारकही होते. शास्त्रातच अनुकूल वचने शोधून काढण्याचा खटाटोप विधवाविवाहाच्या चळवळीत सर्रास झाला. आगरकरांना तो मार्ग मान्य नव्हता. वचन अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याचा अधिकार कोठून आला? तो ईश्वरापासून आला असे म्हणावयाचे तर त्या ईश्वराविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? प्रश्नांची ही साखळी शेवटी आदिकारणापाशी जाऊन थांबते. संमतिवयाच्या वादात वर्तमानपत्री चकमकींखाली ती अदृश्यपणे कार्यरत होती.

६

या भूमिकेची किंमत आगरकरांना रोजच्या जीवनात द्यावी लागली. पुण्याच्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या घरावरून नेण्यात आली. दम्याचा विकार जुना होता आणि श्रमांनी तो बळावत गेला. १८९२ साली प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे अकाली निधन झाल्यावर फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदाचा भार आगरकरांवर आला. शिकविणे, कॉलेज चालविणे आणि ‘सुधारक’ भरून काढणे ही तिन्ही कामे खंगत चाललेल्या शरीराने त्यांनी चालू ठेवली.

घरात मात्र या लढाऊ लेखकाचे वर्तन सौम्य होते. पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, देवधर्म पाळणाऱ्या होत्या. आगरकरांनी आपले मत त्यांच्यावर लादले नाही. यात विसंगती पाहणारे टीकाकार तेव्हाही होते. परंतु जो मनुष्य आदिकारणाविषयी स्वतःच अज्ञान कबूल करतो, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेवर बळजबरी करण्याचा अधिकार राहत नाही. त्या माणसाचा विरोध श्रद्धेच्या नावाने दुसऱ्याच्या देहावर व आयुष्यावर चाललेल्या सत्तेला होता. यशोदाबाईंची पूजा कोणाचे केस कापीत नव्हती.

१७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. बहिष्काराची धास्ती आणि संसाराची ओढाताण या दोन्ही गोष्टी त्या पुडीत बांधलेल्या होत्या. टिळकांनी ‘केसरी’त जो मृत्युलेख लिहिला तो लिहिताना त्यांना अश्रू आवरेनात, अशी आठवण आहे. मरणाच्या सान्निध्यात नास्तिकांना देव आठवतो, या लोकसमजुतीला आगरकरांच्या शेवटच्या दिवसांनी आधार दिला नाही. तयारी होती ती एका पुडीची.

७

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका येथे वेगवेगळ्या भारतीय भाषांच्या अभ्यासकांपुढे आगरकरांविषयी बोलताना एक प्रश्न हमखास विचारला जातो: हा विचार मराठीचा म्हणावयाचा की इंग्रजीतून आयता आलेला? कन्नड अभ्यासकाला शून्य म्हटले की अल्लमप्रभू आणि पंधराव्या शतकापासून संकलित होत आलेली ‘शून्यसंपादने’ आठवते; तेथे शून्य म्हणजे अभाव नव्हे, सर्व आकारांपलीकडची पूर्णता होय. अशा समृद्ध वारशाच्या शेजारी मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेला आगरकरांचा विचार परका वाटणे स्वाभाविक आहे.

वाङ्मयाच्या क्षेत्रातही शून्यातून काही उद्भवत नाही, हा नियम येथे लागू करून पाहावा. आगरकर स्पेन्सरचे वाचक होते यात शंका नाही. पण त्या काळी स्पेन्सरचे वाचक हिंदुस्थानात शेकड्यांनी होते आणि बहुतेकांनी त्याच्या आधारे जुन्याच श्रद्धेला नवे कपडे चढविले. आगरकरांच्या ठिकाणी बी रुजले याला जमीन कारण झाली. पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडून त्याचे खंडन करण्याची शास्त्रीय रीत, अनवस्थेसारख्या दोषांची ओळख, ढोंगावर कोरडे ओढणाऱ्या मराठी संतवाणीचा कानांवर झालेला संस्कार, आणि चिपळूणकरांनी घडविलेले निबंधाचे गद्य, हे सर्व उपादान येथेच होते. निमित्तकारण परके, उपादान देशी, असे नैयायिकांच्या परिभाषेत म्हणता येईल. कार्य मात्र नवे होते. त्याचा प्रागभाव मान्य केला पाहिजे. मराठीत देवाविषयी बोलण्याची शेकडो वर्षांची भाषा होती. देवाविषयी आपल्याला ठाऊक नाही असे संकोच न बाळगता, उपहास न करता, सामान्य वाचकाला सांगणारी वर्तमानपत्री भाषा आगरकरांनी घडविली.

आगरकरांनंतर सृष्टीच्या उत्पत्तीचा प्रश्न पुण्याने सोडला नाही. फ्रेड हॉइल यांच्यासह विश्वाच्या स्थिर स्थितीच्या सिद्धान्तावर काम केलेले जयंत नारळीकर यांनी १९८८ पासून याच शहरात ‘आयुका’ ही संस्था उभी केली. त्या सिद्धान्तात विश्वाला आरंभ नाही, परंतु द्रव्याची निर्मिती सतत चालू असते. ती शून्यातून होते असा आक्षेप येऊ नये म्हणून हॉइल आणि नारळीकर यांनी ऋण ऊर्जेच्या क्षेत्राची कल्पना मांडली आणि ऊर्जेचा हिशेब जुळविला. बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले, आणि विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे धरले जाते. तरी २०२५ साली झालेल्या निधनापर्यंत नारळीकरांनी प्रस्थापित मताविषयीच्या आपल्या शंका सोडल्या नाहीत. आजचे भौतिकशास्त्र ज्याला निर्वात म्हणते तेही रिते नसते. त्यात क्षेत्रे असतात, नियम असतात. ते नियम कोठून आले असे विचारले की स्पेन्सरचे तीन पर्याय पुन्हा दारात उभे राहतात. ज्ञानाची सीमा फार पुढे सरकली आहे. पण सीमेवर कसे वागावे हा प्रश्न आगरकरांच्या वेळी होता तसाच आहे.

आगरकरांच्या भूमिकेत उणिवा नाहीत असे नाही. श्रद्धेतून माणसाला मिळणारा आधार, दुःखात तिने दिलेली शब्दसंपत्ती, सामान्य जनांच्या भक्तीतील समतेची ओढ यांना त्यांच्या लेखनात पुरेशी जागा मिळाली नाही. विवेकावर त्यांनी टाकलेला भार विवेक नेहमी पेलू शकतो काय, अशी शंका त्यांच्यानंतरच्या शतकाने पुष्कळ कारणांनी उपस्थित केली आहे. तथापि त्यांची मुख्य शिकवण या उणिवांनी बाधित होत नाही. जगाचा आरंभ आपल्याला ठाऊक नाही. हे अज्ञान ज्याला लपवावेसे वाटते तो त्याच्यावर कोणाचे तरी नाव लिहितो, आणि मग त्या नावाने दुसऱ्यांवर राज्य करतो. आगरकरांनी ते कोरे ठेवले, आणि त्या कोरेपणाची जबाबदारी माणसावर टाकली. जे सृष्टीच्या आरंभी ठरलेले नाही ते बदलता येते. आणि जे बदलता येते ते न बदलण्याचा दोष मग दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येत नाही.